एकदाच विचारायचं

३ फेब्रुवारी, सोमवार

आज लांडेसकुंडेच्या तासाला मजा आली. लांडेसकुंडे म्हणजे जर्मन लोकांचा देश, चालीरीती, राहणी यांचा पेपर. व्याकरणाच्या तासाला मला घाम फुटतो, पण या तासाला मी शेर असते, कारण इथे नुसतं पाठांतर चालत नाही, चार पावसाळे बघितलेले असावे लागतात. वर्गातली बाकी सगळी एकोणीस-वीस वर्षांची, मी एक्कावन्नची. गेल्या वर्षी पहिल्या दिवशी मी वर्गात शिरले तर पोरं मला मॅडम समजून उभी राहिली होती. मी पण आधी हातानं ‘बसा बसा’ केलं आणि मग त्यांच्यातच जाऊन बसले. तेव्हापासून मी सगळ्यांची आंटी.

श्रद्धा मॅडमनी आज सांगितलं, की जर्मन माणसाला कुठलीही गोष्ट एकदाच विचारायची. तो नाही म्हणाला तर विषय संपला. पुन्हा विचारलं तर त्याला वाटतं, याचा माझ्या शब्दावर विश्वास नाही. मग त्या म्हणाल्या, “और हमारे यहाँ?” आणि वर्ग हसायला लागला. मी सासूबाईंची गोष्ट सांगितली. पंगतीत वाढणारा आला की त्या दोन्ही हातांनी ताट झाकायच्या आणि बोटांच्या फटीतून जिलेबी कुठवर आली ते बघायच्या. वाढणाऱ्यानं तीनदा म्हटल्याशिवाय हात काढायच्या नाहीत, आणि कुणी दोनदाच म्हटलं तर वर्षभर त्याला नावं ठेवायच्या.

मॅडम म्हणाल्या, या विषयावर एप्रिलमध्ये वर्गासमोर बोला, अंतर्गत गुण मिळतील. मी लगेच हात वर केला.

घरी येताना वाटलं, किती सुटसुटीत आहे हे. आपलं अर्धं आयुष्य आग्रह करण्यात आणि करून घेण्यात गेलं.

९ फेब्रुवारी, रविवार

संपदाशी बोलले. लग्न होऊन ती जर्मनीत कासेलला गेली, म्हणून तर मी ही भाषा धरली. सुरुवात मोबाईलवर ‘नमस्कार’, ‘दूध कुठे मिळेल’ इतकीच होती. पुढे विद्यापीठात बी.ए.ला वयाची अट नाही असं कळलं आणि मी ह्यांना न विचारता फॉर्म भरून आले. लग्नाआधी माझं शिक्षण पहिल्या वर्षाला सुटलं होतं. आता मी दुसऱ्या वर्षाला आहे. हे लिहिताना मला अजूनही बरं वाटतं.

संपदाला सहावा चालू आहे, मेच्या मध्यावर तारीख आहे. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. ती येऊ शकत नाही, तर मी जायला हवं. माझी परीक्षा नेमकी एप्रिलअखेर ते मेचा मध्य. मी विचारलं, “संपू, मी येऊ का गं?”

“नको आई. तुझी परीक्षा आहे ना. इथे सगळं असतं. हेबामे घरी येते.” हेबामे म्हणजे सुईण. तिकडे ती बाळंतपणानंतर घरी येऊन आई-बाळाला बघून जाते, सरकारी विम्यातून.

दुसऱ्यांदा विचारणार होते. तोंडावर आलंच होतं. पण सोमवारचा तास आठवला. संपदा तिथे राहते, तिथली झाली आहे, तिच्या शब्दाचा मान ठेवायला हवा. मी म्हटलं, “बरं. तू म्हणतेस तसं.”

तिकडून काहीच आवाज आला नाही. नेट गेलं असावं. मग म्हणाली, “हो. बरं,” आणि फोन ठेवला.

मला माझा अभिमान वाटला. दुसरी कुणी आई असती तर रडून गोंधळ घातला असता.

११ फेब्रुवारी, मंगळवार

भय्यासाहेब आले होते. ह्यांचे फॅक्टरीतले जुने सोबती, महाराजपूरहून स्कूटरवर येतात. मी विचारलं, “चहा करू?” ते म्हणाले, “नाही वहिनी, राहू द्या, आत्ताच घेऊन आलो.” मी म्हटलं बरं, आणि आत येऊन अभ्यासाला बसले. तासाभरानं ते गेले.

हे आत आले ते तणतणतच. “चहा काहून नाही दिला?”

“नको म्हणाले ते.”

“नको म्हणाले! तीस वर्षांपासून तो नको म्हणून राहिला अन् तीस वर्षांपासून दोन कप पिऊन राहिला!”

मी म्हटलं, माणसाच्या शब्दाला किंमत असते. हे म्हणाले, “अच्छा? म्हणून पोरीचं पण ऐकून घेतलं का? ती नको म्हणाली अन् तू चूप?”

“ती काही भय्यासाहेब नाही. स्पष्ट बोलते. परीक्षेचा विचार करून बोलली.”

“मला तर ठीक नाही वाटून राहिलं,” असं म्हणून हे गच्चीवर निघून गेले. ह्यांना पुढच्या वर्षी रिटायर व्हायचं आहे, त्यामुळे हल्ली ह्यांना काहीच ठीक वाटत नाही.

भय्यासाहेबांचं मात्र मला मनातून थोडं वाईट वाटलं. पुढच्या वेळी न विचारताच कप पुढे ठेवीन. विचारलं तर पुन्हा तोच प्रश्न.

२ मार्च, रविवार

संपदाचा फोन. हल्ली माझ्या अभ्यासात किती रस घेते! परीक्षेचं वेळापत्रक विचारलं, पहिला पेपर कधी, शेवटचा कधी, मध्ये सुट्या किती, तोंडी परीक्षा पुढे-मागे होते का. मी कौतुकानं सगळं सांगितलं. मग तिच्या कुठल्याशा मैत्रिणीच्या आईला तिकडे जायचं आहे, तर भारतातून व्हिसाला किती दिवस लागतात ते विचारत होती. मी म्हटलं, तारीख मिळायलाच वेळ लागतो, मुंबईला जावं लागतं, त्या बाईंना म्हणावं आत्ताच कामाला लागा. ती म्हणाली, “हो, सांगते.”

अळिवाच्या लाडवांत गूळ किती घालायचा तेही विचारलं. हौस बघा पोरीची.

मागची भिंत पांढरी दिसली. आधीच्या हॉलची पिवळी होती. “रंग काढला का गं?” म्हटलं, तर म्हणाली, “हो, जरा बदल.” अनिमेष झोपला होता. मागच्या वेळी ऑफिसच्या कामाला गेला होता, त्याच्या मागच्या वेळी अंघोळीला. जावई फार कामसू मिळाला आहे. पण सासूला दोन मिनिटं तोंड दाखवायला हरकत नसावी.

१४ मार्च, शुक्रवार

धुळवड. गल्लीत रंगांचा चिखल. मी दार लावून निबंध लिहिला: ‘माझे कुटुंब’. माझी मुलगी कासेलला राहते. तिचा नवरा इंजिनिअर आहे. ते सुखी आहेत. एकही चूक निघाली नाही, मॅडमनी फोनवरून बघून शाबासकी पाठवली.

३० मार्च, रविवार

पाडवा. गुढी उभारली. संपदा म्हणाली, “आई, फोन गुढीकडे धर.” धरला. बराच वेळ धरला, हात दुखायला लागला. शेवटी म्हटलं, अगं झालं का बघून, तर तिचा आवाज भरलेला. सर्दी झाली म्हणे. मी म्हटलं, हळदीचं दूध घे आणि कान बांध.

मग तिनं विचारलं, “आई, मी झाले तेव्हा तुझ्याजवळ कोण होतं?”

कोण होतं काय, सगळीच होती. डॉक्टरांनी मला प्रवास नको म्हटलं होतं, म्हणून बाळंतपण इथेच, सासरी झालं. माझी आई नागपूरहून महिनाभर आधी येऊन बसली होती. मी तिला येऊ नको म्हणून कळवलं होतं, इथे सासूबाई आहेत, तुझे गुडघे दुखतात. तरी आली. मदन महल स्टेशनला उतरली ती गोधडी, बाळंतविडा, डिंक, सगळं घेऊन, आणि आल्या आल्या सासूबाईंशी तिचं वाजलं. मी हे सगळं रंगवून सांगितलं. संपदा हसली नाही. म्हणाली, “आजी भारी होती.”

“होतीच. पण कुणाचं ऐकायची नाही,” मी म्हटलं.

फोन ठेवल्यावर ह्यांनी विचारलं, “कशी आहे?” मी म्हटलं, सर्दी झाली आहे. हे म्हणाले, “एक बार और पूछ लो.” ह्यांचं मन हललं की हे हिंदीत शिरतात. मी म्हटलं, तिला राग येईल. परीक्षेला महिना उरला आहे आणि मला अजून नामांची आर्टिकल धड येत नाहीत. असल्या वेळी घरच्यांनी माझ्या डोक्याला ताप देऊ नये.

८ एप्रिल, मंगळवार

आज वर्गासमोर बोलले. विषय तोच: नाही म्हणजे नाही. तयारी छान झाली होती. भय्यासाहेबांच्या चहाला पोरं पोट धरून हसली. मग मी सगळ्यात मोठं उदाहरण शेवटी दिलं, माझं स्वतःचं. मुलीला विचारलं, येऊ का. ती नको म्हणाली. मला जावंसं वाटत होतं, तरी मी दुसऱ्यांदा विचारलं नाही, कारण प्रेम म्हणजे समोरच्याच्या शब्दावर विश्वास. सगळं जर्मनमध्ये, कागदात न बघता. टाळ्या झाल्या. मॅडमनी ‘सेअर गूट’, म्हणजे फार छान, म्हटलं.

तास सुटल्यावर यशश्री माझ्याजवळ घुटमळत राहिली. ही शहपुऱ्याची, होस्टेलवर राहते. घरची मराठी, पण बोलायला लागली की अर्ध्यातच हिंदीत घसरते. म्हणाली, “आंटी, बुरा मत मानना. मी पण आईला नाहीच म्हणते.”

“कशाला नाही म्हणतेस?”

“ती फोनवर विचारते, येऊ का भेटायला. मी म्हणते, नको, काहून येते, बसमध्ये त्रास होते. मग ती रविवारी डबा घेऊन येऊन जाते.”

“आणि नाही आली तर?”

ती माझ्याकडे अशी बघत राहिली, जणू हा प्रश्न तिनं कधी ऐकलाच नव्हता. “वो न आई हो, ऐसा तो कभी हुआ ही नहीं, आंटी.”

मी तिला म्हटलं, तू इथली आहेस, संपदा तिथे राहते. ती “हाँ, वो तो है” म्हणाली आणि गेली.

रिक्षात बसल्यापासून बोटांवर वर्षं मोजते आहे. मला दोन वर्षं होत आली जर्मन शिकायला लागून. संपदा तिथे जाऊन तीन वर्षं झाली. पण त्याआधी चोवीस वर्षं ती माझ्या घरात होती, आणि या घरात कुणी पहिल्यांदा हो म्हटलेलं मी ऐकलेलं नाही.

९ एप्रिल, बुधवार

सकाळपासून तीनदा फोन लावला. उचलत नाही. दुपारी मेसेज आला: ‘जरा गडबडीत आहे आई. उद्या बोलते.’

अनिमेषला लावला. त्यानं उचलला आणि मी “अरे, संपू कुठे आहे” म्हटल्यावर म्हणाला, “तिच्याशीच बोला ना, आई.” आणि ठेवला. असं कुणी बोलतं का?

ह्यांना सांगितलं नाही. अभ्यासाला बसले, पण एक अक्षर डोक्यात शिरलं नाही.

एक गोष्ट इथे लिहून टाकते, नाहीतर कुठे लिहू. फेब्रुवारीत ती ‘नको’ म्हणाली तेव्हा अभिमान वाटला असं मी लिहिलं होतं. ते खोटं नाही. पण अभिमानाच्या आधी, अगदी क्षणभर, मला हायसं वाटलं होतं. परीक्षा वाचली, असं वाटलं होतं.

११ एप्रिल, शुक्रवार

संपदाला मुलगी झाली. काल सकाळी.

तिचा आत्ता, दुपारी, फोन आला, व्हिडिओवर, दवाखान्यातल्या पलंगावरून. बीपी एकदम वाढलं म्हणून परवाच दाखल केलं आणि वेळेआधी ऑपरेशन करावं लागलं. बाळ लहान आहे, काचेच्या पेटीत आहे, पण श्वास घेते आहे, दूध घेते आहे. संपदाचा चेहरा सुजलेला. हे माझ्या खांद्यामागे उभे राहून नुसते “बेटा, बेटा” करत होते.

मी म्हटलं, “अनिमेषला दे.”

ती म्हणाली, “तो नाही इथे.”

“मग कुठे आहे?”

“म्यूनिकला राहतो. जानेवारीपासून. आम्ही वेगळे राहून राहिलो, आई. मी पण घर बदललं. दवाखान्यात शेजारच्या काकूंनी आणून सोडलं. चिडू नको आता.”

पांढरी भिंत. मी तिला रंग काढला का म्हणून विचारलं होतं.

तेवढ्यात एक नर्स बीपी बघायला आली. मला काय सुचलं कोण जाणे, मी ‘गूटन टाग’, म्हणजे नमस्कार, म्हटलं. ती फोनकडे वाकली आणि म्हणाली, अरे वा, तुम्ही जर्मन बोलता! तिचं मला सगळं समजलं, एकेक शब्द. वर्गातल्या रेकॉर्डिंगसारखं सावकाश नाही, खरं, भराभर बोललेलं जर्मन. तिनं विचारलं, तुम्ही आई ना? मी म्हटलं, हो. ती म्हणाली, तुमची मुलगी सांगत होती की तुमची परीक्षा आहे, म्हणून येता येत नाही. कसली परीक्षा?

मी म्हटलं, जर्मनची.

ती हसली नाही. पट्टा संपदाच्या दंडावरून काढत म्हणाली, तुमची मुलगी आलाइन आहे, म्हणजे एकटी. पुढच्या आठवड्यात ती घरी जाईल. तिला उचलायला, उठायला त्रास होणार. तुम्ही कधी येताय?

इतकं सरळ मला आजवर कुणी काही विचारलेलं नव्हतं. संपदा कसनुशी होऊन मराठीत म्हणत होती, “तिचं ऐकू नको आई, ह्या लोकांना काहीही विचारायची सवय असते.” मला वाक्य येत होतं. ‘मी लवकर येते’ हे पहिल्या वर्षाचं वाक्य आहे. पण तारीख कुठली सांगू? मैत्रिणीच्या आईला आत्ताच कामाला लागा म्हणणारी मीच, आणि मी माझ्या पासपोर्टाला हातसुद्धा लावला नव्हता.

फोन ठेवल्यावर मी ओट्याला धरून रडले. मोठ्यानं रडले. ह्यांनी मला काही म्हटलं नाही. म्हणायला हवं होतं.

१२ एप्रिल, शनिवार

श्रद्धा मॅडमना भेटले. परीक्षा देत नाही म्हणून सांगितलं. त्या म्हणाल्या, “शरयूजी, साल चला जाएगा. थोडं थांबून, पेपर देऊन जाता नाही येणार?” मी नाही म्हटलं. त्यांनी पुन्हा विचारलं, पक्का ना? मला एकदम हसू आलं आणि त्यांनाही कळलं. मग त्या गंभीर झाल्या आणि म्हणाल्या, “मैंने ठीक ही पढ़ाया था ना?” मी म्हटलं, तुम्ही बरोबरच शिकवलंत, मी जिथे लावायचं नाही तिथे लावलं.

ह्यांनी दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसून व्हिसासाठी मुंबईची तारीख मिळवली. अठ्ठावीस एप्रिल. त्याआधीची एकही रिकामी नाही. माझा पहिला पेपर त्याच दिवशी आहे. व्हिसा हातात पडून मी पोचेपर्यंत मे उजाडेल. तोवर ती एकटीच उठणार आणि एकटीच बसणार. ते आता कशानंही भरून यायचं नाही.

१३ एप्रिल, रविवार

संपदा दवाखान्यातच आहे. बाळाला आज पहिल्यांदा तिच्या छातीवर ठेवलं. ती हळू आवाजात बोलत होती. मी म्हटलं, “संपू, मी येते आहे.”

“नको आई. तुझं वर्ष जाईल.”

“जाऊ दे. येते मी.”

“खरंच नको. हेबामे येणार आहे ना. मी करून घेईन.”

“मी तुझ्याकडे येते, संपदा.”

ती बोलली नाही. या वेळी मी नेटला दोष दिला नाही, फोन कानाला लावून थांबले. तिच्या श्वासाचा आवाज येत होता आणि मध्येच बाळाचा, बारीक.

मग ती म्हणाली, “फेब्रुवारीत तू एकदाच काहून विचारलं?”

माझ्याकडे दोन उत्तरं होती. एक वर्गातलं होतं. ते देऊन मी सुटले असते आणि तिनं मानलंही असतं. मी दुसरं दिलं.

“मला परीक्षा द्यायची होती, संपू.”

“ठाऊक होतं मला,” ती म्हणाली. “म्हणून तर नको म्हटलं होतं.”